माझ्या हक्काचा शत्रू

शनिवार, १ फेब्रुवारी

माझा शत्रू पळवला! भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत, अख्ख्या क्लबच्या साक्षीने — आणि एकालाही त्याचं काही वाटलं नाही.

सायकलच्या दुकानावरचा, शिशाच्या शिपायांच्या लढाया खेळायचा आमचा हॉल. नेहमीचं टेबल, हिरवं कापड, पुठ्ठ्याच्या टेकड्या. माझा गाड्यांचा कोट मांडून झाला होता. मालाच्या गाड्या साखळदंडांनी एकमेकींना बांधलेल्या, फटीफटीतून माझे शेतकरी डोकावताहेत, हातात खिळे ठोकलेल्या काठ्या. पंधराव्या शतकातली, युरोपातली माणसं ही! बोटाच्या पेराएवढी असली म्हणून काय झालं — चिलखतात मढलेल्या उमरावांना यांनी गाड्यांच्या आडून पाणी पाजलं. म्हणून तर मी दुसरं सैन्य कधी घेतलंच नाही. समोर सरदारची घोडेस्वारांची फळी. इतकी वर्षं तो चिलखतवालेच खेळतो म्हणून क्लबात तो सरदार, आणि मी बस कामगारांच्या संघटनेचा म्हणून पुढारी. खरी नावं आम्ही जिन्याखालीच ठेवून येतो. चाल त्याची होती.

तेवढ्यात तो दातवाला आला.

नवा सभासद. दातांचा डॉक्टर. हातात दोन ट्रे. झाकण उघडलं मात्र, हॉलमधली खुर्ची न् खुर्ची सरकली! घोड्यांच्या अंगावर झुली, झुलींवर निळ्या-पिवळ्या चौकटी, रेषा केसाएवढ्या. शिरस्त्राणांच्या फटींतून डोळे. डोळ्यांत पांढरा ठिपका! एवढासा शिशाचा माणूस, आणि त्याला नजर आहे!

बेकरीवाला आमचा चिटणीस. त्याच्या तोंडून 'बरंय' यापलीकडे कौतुक मी कधी ऐकलेलं नाही. तो म्हणाला, "काय हात आहे हो!"

आणि सरदार उठला. माझी लढाई अर्धी टाकून उठला! एक स्वार उचलला, नाकाला लागेल इतका जवळ धरला आणि बघतच राहिला. हुंगतो की काय, असं वाटलं. जरा डावीकडे धरला, उजवीकडे धरला. "डॉक्टर, हे करता कसं?"

मी म्हणालो, "सरदार, चाल तुझी आहे."

"थांब रे जरा."

थांब रे जरा! गेल्या किती शनिवारांत या माणसाने मला हे शब्द ऐकवले नव्हते. त्याने स्वतः एक नवा स्वार रंगवून युग लोटलं. ते करायला नको, दुसऱ्याच्या झुली बघत मात्र उभा राहील!

वर तो दातवाला माझ्या टेबलाशी येऊन म्हणतो, "काका, तुमच्या गाड्यापण मस्त आहेत हं."

काका! सरदार माझ्याहून वयाने मोठा. त्याला 'सरदार', आणि मी काका!


रविवार, २ फेब्रुवारी

सकाळी हिने विचारलं, "काल कुणाचं काही बिनसलं का? चहात साखर नाही असं सांगितलं, तरी प्यायलात."

सगळं सांगितलं. जरा आवाज चढला असेल. ही शांतपणे वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाली, "अहो, म्हणजे तुमच्यावर सवत आलीय, असं सरळ म्हणा ना."

आणि हसत सुटली. भिंतीला टेकून हसत होती.

हसण्यासारखं काय आहे? मित्र काय, पावलापावलाला भेटतो. शत्रू मिळायला नशीब लागतं! माझी प्रत्येक खोड त्याला ठाऊक आहे. उजवी बाजू मी कधी उघडी ठेवीन, कुठे घाई करीन, हे तो माझ्याआधी ओळखतो. जगात मला इतक्या बारकाईने वाचलेला दुसरा माणूस नाही. हिनेसुद्धा नाही.

हे हिला अर्थातच सांगितलं नाही.


बुधवार, ५ फेब्रुवारी

शेतकऱ्यांना डोळे काढायला बसलो. का नाही! उमरावांनाच नजर असते काय?

सर्वांत बारीक ब्रश. श्वास रोखून पहिला ठिपका दिला — माणूस घाबरलेला दिसायला लागला. दुसऱ्याचा एक डोळा कपाळात गेला. तिसरा सरळसरळ चकणा. चिडून अख्खी तुकडी हातावेगळी केली. आता माझ्या क्रांतीची पहिली फळी एकमुखाने आपल्याच नाकाच्या शेंड्याकडे बघते आहे.

ही चष्मा लावून बघून गेली. "हा जरा तुमच्यासारखा दिसतो."


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

डेपोच्या गेटवर सभा. कंत्राटी वाहकांचा प्रश्न. सुरुवात झकास झाली. लोक चिडीचूप. मग म्हणालो, "हे व्यवस्थापन गोड बोलून आपल्याला खुर्चीत बसवतं, तोंड उघडायला सांगतं, आणि उघडलं की दात उपटतं!" टाळ्या! तिथेच थांबायला हवं होतं. थांबलो नाही. पुढे म्हणालो, त्यांच्या पांढऱ्या कोटांवर जाऊ नका, त्यांच्या चकचकीत ट्रेंवर भुलू नका —

उतरल्यावर एक जुना ड्रायव्हर बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, भाषण जोरात झालं. पण दातांच्या डॉक्टरांनी आपलं काय वाकडं केलंय?"


शनिवार, ८ फेब्रुवारी

लिहू की नको? लिहितो. इथे कोण वाचतंय!

आज सरदार माझ्यासमोर होता, पण नुसता अंगाने. दातवाला त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेला, आणि दोघांची कुजबुज चाललेली. मी चाल करतो आहे, हे म्हणताहेत, "मग त्या भिंगातून बघितलं तर?" — "फरक पडतो हो, खूप पडतो." भिंगं आणि ब्रश! घोड्यांची केशभूषा! समोर माणूस लढतो आहे, त्याचं काय?

फासे वाचायचं कामही हल्ली माझ्याच गळ्यात. गेले काही महिने त्याने ही नवी सरदारी काढली आहे. फासा टाकायचा आणि खुर्चीत रेलून म्हणायचं, "वाच रे तूच, मान अवघडलीय." पट्टीने अंतरही मीच मोजायचं. म्हणजे मी त्याचा शत्रू, आणि मीच त्याचा कारकून!

तर, माझ्या आडव्या धनुष्यवाल्यांनी त्याच्या कप्तानाला टिपलं. लाल तुऱ्याचा, सरदारचा जीव की प्राण. नियम असा, की ज्याचा शिपाई टिपला गेला त्याने फासा टाकायचा. चार किंवा त्यावर पडला तर वाचला. सरदारने फासा टाकला. टाकता टाकता मान दातवाल्याकडे! आणि तो दातवाला नेमका तेव्हा पिशवीत कसलं तरी चिटोरं शोधत होता.

पाच पडला.

मी म्हणालो, "दोन."

का म्हणालो? बघायचं होतं. मान वळते का. एकदा तरी टेबलाकडे बघतो का. "दोन? चल, डोळे तपास!" असं ओरडतो का. तेवढंच हवं होतं मला. तो ओरडला असता तर मी हसून म्हणालो असतो, पाचच आहे लेका, जागा आहेस का बघत होतो.

सरदार म्हणाला, "दोन? गेला बिचारा." हात लांबवून चाचपत कप्तानाला उचललं आणि आडवं ठेवलं. आमच्यात मेलेला शिपाई टेबलावरून काढत नाहीत, लढाई संपेपर्यंत आडवा पडून राहतो. आणि हा पुन्हा दातवाल्याशी बोलायला लागला!

मी फासा उचलून घेतला. लढाई मी जिंकली.


रविवार, ९ फेब्रुवारी

बेइमानी माझी नाही. जो पाहतच नाही, त्याला फसवलं असं म्हणता येतं का? ज्याने पहारा सोडला, किल्ला त्यानेच दिला!

वाक्य चांगलं आहे. पण समोर बसून ऐकायला कुणी नसलं, की चांगली वाक्यंसुद्धा पोकळ वाजतात.


बुधवार, १२ फेब्रुवारी

कामगार न्यायालयातून चालत परत येत होतो. दातवाल्याचा दवाखाना त्याच रस्त्यावर आहे. (दुसराही रस्ता आहे. तो लांबचा नाही. असो.) बघतो तर सरदार पायऱ्या चढतो आहे. कठडा धरून, सावकाश, जणू देवळात चालला आहे!

सरदारचे दात? लेकाचा अजून सुपारी फोडतो!

समोरच्या फुटपाथवर झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे शिरलो. हातात होती ती कागदपत्रं उगाचच पुन्हा झेरॉक्स करून घेतली. काचेतून आतलं सगळं दिसत होतं. सरदार त्या मोठ्या खुर्चीत. वरचा दिवा खाली ओढलेला. तोंड मात्र बंद! हातात ब्रश आणि एक स्वार. आणि दातवाल्याने स्वतःच्या डोळ्यांवरचा तो चष्मा काढला, दातांचे डॉक्टर लावतात तो, पुढे दोन नळकांडी असलेला, आणि आपल्या हाताने सरदारच्या नाकावर बसवला. कानामागे नीट अडकवला. सरदार काहीतरी बोलला. दोघं हसले.

मग सरदार बराच वेळ हातातल्या त्या स्वाराकडे बघत राहिला. हसू गेलेलं. दातवाला खांद्यावर हात ठेवून उभा.

झेरॉक्सवाल्याने विचारलं, "साहेब, अजून किती प्रती?"


गुरुवार, १३ फेब्रुवारी

फोन केला. "काल कुठे होतास रे?"

"कुठे असणार? घरीच."

घरीच! इतक्या वर्षांत मला टेबलावर गंडवलं असेल, चकवलं असेल, सापळ्यात घेतलं असेल. खोटं कधी बोलला नव्हता.


शनिवार, १५ फेब्रुवारी

सरदार आला नाही. दातवालाही नाही. दोघंही!

बेकरीवाला म्हणाला, "मी खेळतो तुझ्याशी." खेळलो. बेकरीवाला फार सभ्यपणे लढतो. जीव विटला.


बुधवार, १९ फेब्रुवारी

शनिवारी वर्षाच्या मोठ्या लढाईसाठी शत्रू निवडायचे. तिथे सोक्षमोक्ष लागेल. सरदार आपला निशाणवाला शिपाई माझ्यापुढेच ठेवील, दुसरीकडे कुठे जाणार! वर्षानुवर्षं ठेवतो आहे. हिला म्हणालो तसं. ही म्हणाली, "आणि नाही ठेवला तर?"

असले प्रश्न विचारायची हिला हौसच आहे.


शनिवार, २२ फेब्रुवारी

जसं घडलं तसं लिहितो.

आमच्या क्लबात वर्षातून एकदा मोठी लढाई. तिच्या आदल्या शनिवारी प्रत्येकाने आपला शत्रू निवडायचा. त्याची रीत ठरलेली — आपला निशाणवाला घ्यायचा, चालत जायचं, आणि ज्याच्याशी लढायचं त्याच्या ट्रेसमोर ठेवायचा. त्या वेळी कुणी बोलायचं नाही. अवाक्षर नाही. हा एकच नियम दरवर्षी माझा जीव घेतो.

बेकरीवाल्याने ठेवला. बाकीच्यांनी ठेवले. सरदार उठला. एका हाताने टेबलाची कड धरून निघाला. माझ्याकडे येत होता. आला. माझ्या ट्रेपाशी क्षणभर थांबला, बोटं कापडावर टेकलेली. आणि पुढे गेला! दातवाल्यासमोर निशाणवाला ठेवला. नीट उभासुद्धा राहिला नाही तो, कलंडला. दातवाल्याने उचलून सरळ केला.

मी बोललो.

पहिलं वाक्य कोणतं होतं आठवत नाही. एकदा सुरू झाल्यावर मला थांबवणारा अजून जन्मायचा आहे, हे तर जगजाहीर. म्हणालो, शत्रुत्वालाही इमान लागतं! म्हणालो, माणसाने घर बदलावं, पक्ष बदलावा, पण ज्याच्याशी हाडाचं वैर आहे त्याला असा चारचौघांत टाकू नये! म्हणालो, रंगावर भुलणाऱ्यांनी इतिहास घडवला नाही, तो अनवाणी माणसांनी घडवला! आवाज लागला होता. खालून सायकलवालाही वर येऊन दारात उभा राहिला.

बेकरीवाला पुटपुटला, "अरे, बोलायचं नसतं —"

"मला नियम शिकवू नका! नियम या माणसाला शिकवा! याचं लक्ष कुठे असतं खेळात? समोर कोण लढतंय याची शुद्ध तरी असते? पुरावा देतो! परवाच्या लढाईत याचा पाच पडला. कप्तान जिवंत होता! मी 'दोन' म्हणालो. याने मान वळवून बघितलंसुद्धा नाही! आडवा केला आपल्या हाताने! असला शत्रू —"

तिथे थांबलो. कारण हॉलमधला आवाज बदलला होता. सभा आपल्या बाजूची आहे की नाही, हे मला तळपायाला कळतं. कुणीच माझ्या बाजूला नव्हतं.

सरदारचा चेहरा माझ्याकडे होता, पण जरासा बाजूला, जणू माझ्या कानामागे कुणी उभं आहे.

"पाच होता?" तो म्हणाला.

एवढंच. चिडून नाही. फक्त विचारलं, तसं.

मग तो दाराकडे निघाला. दातवाला धावत गेला, त्याच्या कोपराखाली हात घातला. दोघं जिना उतरले. एकेक पायरी.

बेकरीवाला म्हणाला, "पुढारी, बस खाली."


रविवार, २३ फेब्रुवारी

दुपारी बेल वाजली. वहिनी — सरदारची बायको. हिने पाणी आणलं, त्यांनी हात लावला नाही. चप्पलही धड काढली नव्हती.

"भाऊजी, तुम्ही माणूस आहात का कोण?"

मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"दिसत नाही त्यांना. मधलं जातंय. कडेकडेचं दिसतं, टेबल दिसतं, दार दिसतं, आणि बघायला जावं तिथेच धुरकट. समोरच्याचा चेहरा नाही, अक्षर नाही. फाशावरचे ठिपके कुठून दिसणार? तुम्हाला वाचायला देत होते. तुम्हाला! घरात मी दुधाची पिशवी वाचून दाखवली तर चिडायचे, आणि तुमच्याकडून महिनोन् महिने फासे वाचून घेतले."

ही म्हणाली, "वहिनी, आम्हाला का नाही सांगितलंत?"

"मलाच शपथ घातली होती. म्हणाले, पुढाऱ्याला कळलं तर तो भाषण करील, सगळा हॉल माझी कीव करील, आणि पुढच्या शनिवारपासून कुणी मला मनापासून मारणार नाही. त्या डॉक्टरने आपणहून ओळखलं. पहिल्याच दिवशी. हातातला शिपाई डावीकडून, उजवीकडून बघताना बघितलं म्हणे. त्यानेच डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. आपल्या चष्म्यातून काही दिसतं का, तेही लावून बघितलं. आधी थोडं दिसायचं. परवापरवा तेही नाही."

जाताना दारात थांबून म्हणाल्या, "काल रात्री जेवले नाहीत. कप्तान मेला म्हणून नाही हं."


सोमवार, २४ फेब्रुवारी

त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं. मी वर्षानुवर्षं समोर बसून ओळखलं नाही.

आणि आज, या घटकेलासुद्धा, मला सगळ्यात जास्त काय डाचतं आहे? की त्याला आधी कळलं. मला नंतर! अरे, शरम वाटायला हवी तिथेही मत्सरच पुढे जाऊन उभा राहतो. संघटनेच्या ऑफिसात आज कुणाशी बोललो नाही. शिपाई विचारून गेला, घसा बसलाय का.


मंगळवार, २५ फेब्रुवारी

गेलो.

सरदार खिडकीजवळच्या टेबलाशी. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा तो. ते उतरतं टेबल निवृत्तीनंतर घरी आणलेलं. त्यावर आता कागद नव्हता. घोडेस्वार मांडलेले. एकेक उचलायचा, अंगठा फिरवायचा, बाजूला ठेवायचा.

"ये. हा कोण सांगू? भाल्याचं टोक मोडलेला. तूच मोडलंयस, गाडी पाडून."

मी म्हणालो, "मी जे केलं —"

"भाषण आहे का? असेल तर बाहेर उरकून ये."

गप्प बसलो. फार अवघड गेलं.

मग म्हणालो, "पाच होता. मी मुद्दाम केलं. तू त्याच्याशीच बोलत होतास."

त्याने घोड्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. "डॉक्टरला शत्रू का निवडला, विचार."

"का?"

"मला टेबलावरचं दिसत नाही. कुणीतरी मैदान बोलून दाखवायला हवं. कुठे उतार आहे, कुठे फळी विरळ झालीय, कुणाचे शिपाई दमलेत. आता शत्रूला कसं विचारायचं, बाबा रे, तू कुठे उघडा पडलायस ते सांग? म्हणून तुला शत्रुत्वातून मोकळं केलं. तुला माझ्या बाजूच्या खुर्चीत घेणार होतो. तुझ्यासारखं बोलून दाखवणारा दुसरा आहे का क्लबात? शनिवारी हॉलमधून बाहेर पडलो की जिन्यातच सांगणार होतो. पण तू आधीच बोललास."

माझ्या तोंडून फक्त "मग?" निघालं.

"मग काय. ज्याचा 'दोन' खरा की खोटा हे मला ठाऊक नाही, त्याच्या डोळ्यांनी कसा लढू? डॉक्टरच वाचील फासे. मोजीलही तोच."

"पण तो समोरच्या बाजूचा आहे!"

"तूही होतास," सरदार म्हणाला.

वहिनींनी चहा आणून ठेवला. माझ्यापुढेही. प्यायलो, उठलो. दारापर्यंत तो आला नाही.


गुरुवार, २७ फेब्रुवारी

मोठ्या लढाईला माझं सैन्य न्यायचं नाही. ट्रे बांधून कपाटावर टाकले. हिने विचारलं, "मग जाणार कशाला?"

बघायला. भिंतीशी उभा राहून बघीन, आणि तोंड उघडणार नाही.

ही म्हणाली, "हे मी बघायला येऊ का?"


शनिवार, १ मार्च

मोठी लढाई. मी भिंतीशी. सरदारच्या बाजूची खुर्ची रिकामी. फासे दातवाला वाचतो, पट्टी दातवाला धरतो.

सरदारने सगळं घोडदळ एकदम सोडलं. जिंकायचं तर एवढीच चाल. दातवाल्याने पट्टी टाकली. स्वार शत्रूपर्यंत पोहोचत नव्हते. हॉलमध्ये सगळ्यांना दिसलं. दातवाल्याने पट्टीकडे बघितलं, सरदारच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि हळूच म्हणाला, "पोहोचले."

सरदार खुलला. बेकरीवाला छताकडे बघायला लागला.

"नाही पोहोचले!" मी ओरडलो. "कमी आहेत!"

सरदारची मान वळली. "किती?"

"बोटभर."

"डॉक्टर?"

दातवाल्याच्या कपाळावर घाम. "...हो. कमी आहेत."

मग दातवाल्याच्या धनुर्धाऱ्यांचे बाण चालले. सरदारने चाचपत एकेक स्वार आपल्या हाताने आडवा केला. सगळी फळी. शेवटचा ठेवून झाल्यावर टेबलाकडे तोंड करूनच म्हणाला,

"पुढारी, ये इकडे, बस. भाषण नको. काय दिसतं तेवढं सांग."